मानेमागची खोल बांधी

माझ्या डोक्यावर केस म्हणावेत असे आता फक्त कानांच्या वर थोडे उरले आहेत, तेही सवयीने. तरी दर रविवारी सकाळी गडचिरोलीच्या स्टँडवरून मी सावलीकडे जाणाऱ्या एसटीत बसतो तेव्हा पिशवीत रुंद दातांची लाकडी फणी असते, जवसाच्या तेलाची बाटली असते, जुन्या धोतराचा मऊ फडका असतो आणि एक महागडी ट्यूब असते. तिच्यावर कुरळ्या केसांच्या बाईचं चित्र आहे. ट्यूब घेतली त्या दिवशी दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे. "भाऊ, आता याच्यानं काई होत नाई," तो अगदी जिव्हाळ्याने म्हणाला. ती बहिणीसाठी आहे हे मी सांगितलं नाही. एवढ्या मायेने कोणी निराश करत असेल तर त्याचा हिरमोड कशाला करा.

वैनगंगेचा पूल गेला की थोड्या वेळाने फाट्यावर उतरायचं आणि तलावाच्या पाळीवरून चालत जायचं. धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, सध्या जवस फुललाय. निळा रंग जमिनीपासून वीतभर वर तरंगत असतो, आणि ऊन चढलं की दुपारपर्यंत गळून जातो. आपण दोनदा पाहिलं तर दुसऱ्यांदा तो तिथे नसतो. मी पाहतो, आणि पुढे जातो. पूर्वी असं काही दिसलं की छातीत काहीतरी हलायचं. आता चप्पल घासल्याचा आवाजच ऐकू येतो.

अंगणात कमल पाठमोरी बसलेली असते. पिढ्यावर, भिंतीकडे तोंड करून.

"आला काय गा दादा?" ती वळून न बघता विचारते.

"नाई, एसटीचा कंडक्टर आला," मी म्हणतो. दर रविवारी हेच म्हणतो. ती हसत नाही, मीही हसण्याची वाट पाहत नाही. फडका तिच्या खांद्यावर टाकतो आणि कामाला लागतो.

तिचे केस आता दोन बोटं वाढलेत. पांढरे, बारीक वळ्यांचे, घुंगराळ. बोटात धरून ओढला की केस चार बोटं होतो, सोडला की पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो. मायचे केस असेच होते. मला बापाचे मिळाले, ते टिकले नाहीत.

असलं डोकं म्हणजे एक सलग शेत नव्हे, असं माय म्हणायची. तिच्या हिशोबाने डोक्यावर तीन तऱ्हेची जमीन होती. माथा म्हणजे मुरमाड टेकाड, कितीही तेल ओता, तासाभरात कोरडं. तिथे रोज थोडं थोडं द्यायचं. कानशिलं म्हणजे बांधाच्या नाजूक कडा. वेणी आवळली की तिथले केस मुळासकट सुटतात, म्हणून तिथे सैल हात. आणि मानेमागचा भाग म्हणजे खोल बांधी. डोक्यावरचं सगळं शेवटी तिथे उतरतं. घाम, धूळ, गुंता, उशीचं घासणं, लुगड्याच्या पदराचं घासणं. "पयले खोल बांधी कर," माय सांगायची. "वरून सुरू केलं का हात थकते, मंग मागचं राहून जाते. राहून गेलं का गेलं."

आम्ही तलावात आणि नदीत मासे धरणारे. त्यामुळे गुंता कसा सोडवायचा हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. बाप ओलं जाळं मांडीवर घ्यायचा, खालच्या शिशाच्या मण्यांकडून सुरू करायचा आणि बोटांनी एकेक घर मोकळं करत वर जायचा. ओढायचा कधीच नाही. ओढलं की गाठ बसते. मायने तीच रीत कमलच्या मानेमागे नेली. केस ओले, फणीच्या आधी बोटं, शेंड्यापासून मुळाकडे. कमल लहान होती तेव्हा हा सोहळा तलावाच्या पाळीवर ऐकू जायचा. "माय व, ओढू नको न!" मग मायच्या बांगड्यांचा आवाज, मग एक चापट, मग पुन्हा बांगड्या. चुलीवर शिकेकाई उकळत असायची, तिचा आंबट कडवट वास, शेजारी गाळलेल्या भाताची कोमट पेज, आणि तलावाच्या तळाची काळी माती, जिला माशांचा थोडा वास यायचाच. कमल शाळेत गेली की मैत्रिणी नाक धरायच्या. ती म्हणायची, "मग काय, मले मच्छी आवडते."

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि बारावीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसण्याचा विचार करत होतो. विचार करायला मला वेळ लागायचा. मधल्या काळात आमच्या भागातल्या नाटकांत विनोदी कामं करायचो. गावात कोणी दिसला की तो आधी हसायला लागायचा, मग विचारायचा, काय झालं. हे मला फार मोठं यश वाटायचं.

कमल अठराची. ती बारावी झाली होती, पहिल्याच खेपेला, माझ्या डोळ्यांदेखत. गडचिरोलीला नर्सच्या शिक्षणासाठी तिने अर्ज केला होता आणि पत्राची वाट पाहत होती. वाट पाहायची म्हणजे काय, तर परसातली वांगी ओळीने मांडायची आणि बाभळीच्या काट्याने त्यांना सुया टोचायच्या. टोचण्याआधी वांगं ओल्या कापडाने पुसायची. "दुखलं काय व बाई?" असं त्याला विचारायची. वांगी सगळी बाया होत्या. मोठं काटेरी एक होतं, त्याला ती माझ्या नावाने हाक मारायची आणि त्याला दोन सुया द्यायची. त्या हिवाळ्यात आम्ही भोकं पडलेल्या वांग्यांचीच भाजी खाल्ली.

त्याच हिवाळ्यात मायच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा मोडला. हात कोपरापर्यंत सुजला. म्हणून कमलची खोल बांधी माझ्याकडे आली.

"जवसाचं लाव," मायने सांगितलं. "टोरीचं लावू नको. थंडीत थे दगड होते."

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल आमच्याकडे घरोघरी असायचं. पिवळट, दाट, जिभेला किंचित कडू, दिव्याला चाले आणि फोडणीलाही चाले. उन्हाळ्यात ते वाहतं, आणि थंडीत वाटीतच तुपासारखं थिजून बसतं. माय उन्हाळ्यात एखादा थेंब तळहातावर चोळून लावायची, बस.

मी तीन आठवडे जवस लावलं. खरंच लावलं. ओल्या केसांत बोटं घालून शेंड्यापासून वर गेलो, आणि मला ते जमतही होतं. कमल म्हणाली, "दादा, तुले नाटकापेक्षा हे बरं जमते." तिथेच काहीतरी बिघडलं असावं. कारण चौथ्या आठवड्यात शेजारच्या गावी आठ दिवसांच्या तालमी निघाल्या, आणि त्याच गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरायचा होता. मला दोन्ही हवं होतं. मी डोकं चालवलं. अडचणीची जागा आहे, म्हणजे तिला जास्त तेल लागणार. आठ दिवसांचं एकदम दिलं तर आठ दिवस बघायला नको. जवसाची बाटली संपत आली होती. मी टोरीचं तेल चुलीजवळ धरून पातळ केलं, वाटीभर मानेमागे जिरवलं, आणि वर अशी घट्ट वेणी घातली की कमलच्या भुवया वर गेल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या चुका मी अशा हुशारीने केल्या आहेत.

"दादा, मागं गार लागून राह्यलं," ती म्हणाली.

"डोकं शांत होऊन राह्यलं तुझं," मी म्हणालो. "नर्सबाईले लागते थंड डोकं."

आणि मी निघालो. शंकरपटाची धूळ मला अजून आठवते, बैलांच्या अंगाला लावलेल्या गुलालाचा वास आठवतो, कोणत्या जोडीने बाजी मारली तेही आठवतं. आठवायला नको ते सगळं जागच्या जागी आहे.

त्या आठ दिवसांत घरी धान चुरणं चाललं होतं. खळ्यावर बैल फिरत होते, हवेत कूस उडत होती. धानाची ती बारीक कूस, जी कॉलरमध्ये गेली तरी माणूस नाचतो. कमल डोक्याला फडकं बांधून दिवसभर खळ्यावर होती. थिजलेलं तेल, त्यात कूस, त्यावर फडक्याचं घासणं, आणि केस असे की एकमेकांना धरायला टपलेलेच.

मी परतलो तेव्हा वेणी सोडली आणि मानेमागे लिंबाएवढी गाठ हाताला लागली. फणीचे दोन दात मोडले. गाठ ओलसर नव्हती, केसाळ नव्हती, ती दुसऱ्याच कोणत्या तरी जिनसाची होती.

"काय हाये गा?" कमलने विचारलं.

"काई नाई. उद्या काढू."

उद्या मी झोपलो. परवाही काहीतरी होतं. तेरवा मोठमाय आली.

मोठमाय म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. गावात कोणाच्या अंगात काय आलं, कोणाच्या घरी काय निघालं, हे तिला विचारल्याशिवाय ठरत नसे. तिने कमलच्या मानेवरचा पदर सहज बाजूला केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अव माय," ती हळू आवाजात म्हणाली. "जट आली व पोरीले. देवीनं जागा धरली."

आमच्याकडे जट म्हणजे गुंता नव्हे. ती देवीने पाठवलेली खूण. तिला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, आणि जिला ती आली तिने देवीचं होऊन राहायचं. बाप जाळं सोडून उठला, अंगणातच त्याने हात जोडले. कोणीतरी नारळ आणायला पळालं. माय सुजलेला हात छातीशी धरून पुढे आली. तिने चांगल्या हाताची दोन बोटं त्या गाठीवर ठेवली, मग ती बोटं नाकाजवळ नेली. आणि माझ्याकडे पाहिलं.

तिने किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. नारळ येईपर्यंत. मी तेव्हा गावातला सगळ्यात बोलका माणूस होतो.

मी काहीच बोललो नाही असं मात्र नाही. मी मोठमायला म्हणालो, "पाणी आणू काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कमलला तलावाच्या पाळीआड नेलं. गरम पाण्याची बादली, शिकेकाई आणि माझी दहा बोटं. जाळ्यासारखं, खालून वर. तेल पाण्यात सुटलं, वर पिवळी साय आली, कूस निघाली. एकेक केस सुटत होता. कमल म्हणाली, "दादा, हे देवीचं असन तं?" मी म्हणालो, "देवीचं असन तं निघणार नाई." ती म्हणाली, "निघून राह्यलं काय?" मी म्हणालो, "हो." तिचे खांदे खाली आले. अर्धी गाठ सुटली असेल तेव्हा पाळीवर मोठमायचा आवाज आला. "काय करून राह्यला रे नाटक्या! देवीचं लेणं उसवते काय?"

त्याच दुपारी बापाला ताप भरला. हिवाळ्यात आमच्याकडे ताप भरायला कारण लागत नाही, पण यावेळी सगळ्यांना कारण सापडलं होतं. चौथ्या दिवशी बाप उठून बसला, आणि पाचव्या दिवशी गडचिरोलीचं पत्र आलं. कमलचं नाव निघालं होतं.

"देवीची पोरगी सुया टोचत फिरन काय?" बाप म्हणाला. एवढंच बोलणं झालं. कमलने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, डब्यात ठेवलं आणि धान पाखडायला बसली. वांगी परसात होती, ती आपोआप मोठी झाली आणि पिकून पिवळी पडली. मी तिच्या समोर बसलो होतो. टोरीचं तेल मी लावलं, असं म्हणायला चार शब्द लागतात. मी मोजले होते.

पुढची वर्षं तशी गेली जशी जातात. माय गेली, बाप गेला, मोठमाय गेली. मी बारावी झालो, गडचिरोलीला एका ऑफिसात शिपाई लागलो, लग्न केलं, पोरं झाली, केस गेले. कमलची जट वाढत कमरेपर्यंत आली. हळद-कुंकवाचे थर चढून ती झाडाच्या मुळीसारखी दिसायची. मंगळवारी आणि शुक्रवारी बाया यायच्या, नमस्कार करायच्या, दुखणी सांगायच्या. कमलबाई डोळे मिटायची. मग म्हणायची, "देवी म्हणते, पोराले आत्ताच्या आत्ता मूल गावच्या दवाखान्यात ने. सलाईन लागन." नाहीतर, "देवी म्हणते, सुईणीच्या भरवशावर राहू नको." एकदा एका सासूला म्हणाली, "देवी म्हणते, सुनेले गोळ्या दे लोहाच्या, आन् तू खाऊ नको." ज्या बायांनी नर्सचं ऐकलं नसतं त्या देवीचं ऐकायच्या. पोरं दवाखान्यात जायची, बरी होऊन यायची, आणि आई त्यांना घेऊन जटेच्या पाया पडायची. मी हे ओसरीवर बसून पाहायचो, चहा प्यायचो आणि चारच्या गाडीने परत जायचो.

यंदा पावसाळ्यात जटेखाली जखम झाली. ओझ्याने कातडी फाटली आणि आत चिघळलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात एक तरुण नर्स होती, हसरी, कानात लहानसे मोती. तिने कमलला विचारलं, "बाई, कापावं लागन. चालन न?" कमल डोळे मिटून जरा वेळ बसली. "काप म्हणते," ती म्हणाली. दोन मिनिटं लागली. तीसएक वर्षांचं ते काम दोन मिनिटांत झालं. नर्सने जट एका पिशवीत घालून माझ्या हाती दिली. ओल्या दोरखंडासारखी जड होती. एसटीत कंडक्टरने विचारलं, "भाऊ, मच्छी हाय काय?" मी हो म्हणालो. पुलाजवळ उतरलो, नदीत सोडली. ती आधी बुडाली नाही, थोडी वाहिली, मग बुडाली. मला रडू येईल असं वाटलं होतं. मी तशी तयारीही केली होती, खिशात रुमाल होता. आलं नाही. घरी येऊन मी जेवलो.

तेव्हापासून रविवार माझा. डॉक्टरांनी बजावलंय, मागचा भाग मोकळा राहिला पाहिजे, हवा लागली पाहिजे, पुन्हा गुंता झाला तर जखम उलटेल. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहतो. शहरातल्या मुली बोटांनी केस उलगडून दाखवतात, जवस उकळून त्याचा चिकट रस लावतात, आणि सांगतात की मानेजवळ जास्त लक्ष द्या. मी मान हलवतो.

मागच्या रविवारी मी मायच्या रीतीप्रमाणे आधी मानेमागे हात नेला तर कमलने मानेवर हात ठेवला.

"मागचं राहू दे गा दादा."

"काऊन?"

"वाढू दे. आपोआप येईन."

"काय येईन?"

"जट." तिने हात काढला नाही. "देवी जाऊन सहा महिने झाले. जागा मोकळी ठेवली त येईन थे परत. बाया इचारतात."

माझ्या बोटांत फणी होती. समोर भिंत होती, तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात दिलेला होता, पोपडे निघाले होते. मी त्या पोपड्यांकडे बघत बोललो.

"कमल, देवी नव्हती थे. टोरीचं तेल होतं. मी लावलं."

कोंबडी अंगणात येऊन गेली.

"किती लावलं?" तिने विचारलं. दुखणं विचारताना ती असंच विचारते.

"वाटीभर."

"थंडीत?"

"थंडीत."

"घट्ट बांधलं?"

"हो."

"मंग होईनच," ती म्हणाली. मग, "मायले माहीत होतं काय?"

"तिनं वास घेतला होता."

कमल भिंतीकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि पुढे जाऊन मी तो पाहिलाही नाही. एखादी गंमत बोलावी म्हणून तोंड उघडलं. तीस वर्षं माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक गंमत होती. काही निघालं नाही.

"बाहेर सांगू नको," ती शेवटी म्हणाली. "मंगळवारी बाया येतात. कोणाचं लेकरू तापलं असते."

"नाई सांगत."

तिने मानेवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. डोकं थोडं पुढे झुकवलं, लहानपणी मायपुढे झुकवायची तसं. तिथली कातडी गुळगुळीत, गुलाबीसर झाली आहे. एवढी वर्षं ओझं वाहून तिथे आता तिला हात लागलेलाही समजत नाही, टोचलं तरी नाही. म्हणून तिथे फणी डोळ्यांनीच चालवावी लागते. लागलं तर ती ओरडणार नाही. मी केस ओले केले, शेंड्याकडून एकेक वळी बोटांनी सोडवायला घेतली. तीन सुटल्या, चार सुटल्या. एका जागी बारीक गाठ धरू लागली होती, मुगाएवढी. ती मी ओढली नाही. तेल लावलं, थांबलो, पुन्हा खालून सुरू केलं. गाठ सुटली. ऊन पायापर्यंत आलं होतं.

"सुरू कर न गा," कमल म्हणाली. "गाडी चुकन तुझी."